डब्यात भरलेलं गाव

आई,

परवा लेकीचा फोन आला होता, मेलबर्नहून. त्यांनी नवं घर घेतलंय. मागच्या अंगाला एक खोली आहे, तिच्या खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं, आणि ती खोली माझीच असं ठरवून तिने तिथे पडदेसुद्धा लावले आहेत. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर अजूनही इंग्रजीतच येतं. "जस्ट कम, आई. व्हॉट्स लेफ्ट फॉर यू इन वेलिंग्टन?" मी म्हटलं, वारा आहे. ती हसली, मीही हसले आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र मी ओट्यापाशी तशीच उभी राहिले, कारण हाच प्रश्न याच ओट्याशी मी तुला विचारला होता. "डोंबिवलीत आता तुझं आहे काय?" तू भेंडी चिरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "पाणी वेळेवर येतं." त्या उत्तराचा मला तेव्हा फार राग आला होता.

बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. तू सहा महिन्यांसाठी म्हणून जॉन्सनव्हिलला आलीस, आणि मला तुला परत जाऊ द्यायचं नव्हतं. हे इतक्या स्पष्ट शब्दांत मी कधी बोलले नाही, पण त्या दिवसांत मी जे जे केलं ते या एकाच गोष्टीसाठी केलं. तुझ्या खोलीत हीटर लावला, तुझ्या देवांसाठी कोपरा केला, तुला हवा तसा जुना तांदूळ सगळी इंडियन दुकानं पालथी घालून शोधून आणला. आणि तू बॅग पूर्ण उघडलीच नाहीस. साडी बॅगेतून काढायचीस, नेसायचीस, धुऊन घडी करून परत बॅगेत ठेवायचीस. मी रिकामं करून दिलेलं कपाट रिकामंच राहिलं. फ्रिज उघडण्याआधी "दही घेऊ का गं?" असं विचारायचीस. जावई बिचारा तुझ्या पुढेमागे करायचा, तर त्याच्यासमोर पाय पसरूनही बसायची नाहीस. "लेकीच्या घरी..." एवढंच म्हणून थांबायचीस. ते वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, पण पूर्ण कधी ऐकलं नाही. मी तुझी एकुलती एक. लेकीचं घर सोडून तुला दुसरं घर होतं तरी कुठे?

जन्मभर तू शाळेत भूगोल शिकवलास. न्यूझीलंड पुस्तकात अर्ध्या पानाचं होतं, मेंढ्या, लोकर आणि दूधदुभतं, आणि ते अर्धं पान तू वर्षानुवर्षं न बघता शिकवलंस. मी इकडे आले तेव्हा तुझ्या सगळ्या मैत्रिणी रडल्या, तू मात्र ॲटलास काढून बसलीस. पण इथे आल्यावर तुझा भूगोल आमच्या ड्राइव्हवेपाशीच संपला. आमच्या गल्लीतून कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, दूध घेऊन परत. शहराकडे तोंडही केलं नाहीस. "माझं काय काम तिथे," म्हणायचीस. तेव्हा माझ्या ऑफिसातल्या एकीने सांगितलं की वेलिंग्टनमध्ये एक टूर निघते. एक बाई आपल्याला पायी हिंडवते, जुन्या शहराच्या गोष्टी सांगते, आणि मधेमधे दुकानांत थांबून एकेक पदार्थ चाखायला देतात. मला ते एकदम पटलं. पोटातून गेलेलं गाव माणसाला धरून ठेवतं, अशी माझी आपली समजूत. तुझ्या वाढदिवसाची भेट म्हणून मी दोन जागा सांगून टाकल्या आणि शनिवारी लेकीला तुझ्या जावयापाशी सोडून आपण दोघी निघालो.

जॉन्सनव्हिलची ती गाडी आठवते ना? दोनच डबे, दरीच्या कडेकडेने उतरणारी, बोगद्यातून गेली की सगळी खिडकी काळी होणारी. दुसऱ्या बोगद्यात मी तुला विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं का नाहीस? टूरमध्ये खायचं म्हणून पोट ठेवलंस वाटतं?" बाहेर उजेड आला आणि तू शांतपणे म्हणालीस, "आज चतुर्थी आहे."

आई, त्या क्षणी मला रडू फुटणार होतं. महिन्याभरातले सगळे शनिवार सोडून मी नेमका संकष्टीचा शनिवार गाठला होता. स्वयंपाकघरात तू डोंबिवलीहून आणलेलं कॅलेंडर टांगलेलं होतं, त्यावर चतुर्थीच्या चौकटीत चंद्रोदयाच्या वेळासुद्धा होत्या, मुंबईची, पुण्याची, नागपूरची. मी रोज त्याच्याखाली उभी राहून चहा प्यायची. "मग आधी बोलली का नाहीस?" मी जरा जोरातच विचारलं. समोरच्या बाईने पुस्तकातून मान वर केली. तू म्हणालीस, "तू इतकी हौसेने सांगत होतीस. आणि चालायला उपास कुठे आड येतो? खायचं तेवढं नाही." वर म्हणालीस, "तसा मला फायदाच आहे. इथे चंद्र आधी उगवणार. डोंबिवलीतल्या बायका दुपारची भांडी घासत असतील तोवर माझं जेवण झालेलंसुद्धा असेल."

टूरवाली बाई साठीच्या आसपासची होती, पांढरे आखूड केस, लाल जॅकेट, आणि आवाज असा की वाऱ्यालाही ऐकू जावा. "किया ओरा, एव्हरीवन." आपल्याबरोबर दोघे-तिघे ऑस्ट्रेलियन आणि ख्राइस्टचर्चचं एक वयस्कर जोडपं होतं. मोठ्या रस्त्याच्या फुटपाथवर, पायाखाली एक पाटी बसवलेली आहे, तिच्यापाशी तिने आपल्याला उभं केलं आणि म्हणाली की तुम्ही आत्ता समुद्राच्या काठावर उभे आहात. आजूबाजूला बँका, कपड्यांची दुकानं, बस. समुद्र पार तिकडे दूर. पूर्वी पाणी इथपर्यंत यायचं, मग मोठा भूकंप झाला, जमीन वर उचलली गेली, आणि पुढे माणसांनी भर घालून घालून समुद्राला मागे लोटलं. मी तुला भराभर मराठीत सांगत होते. तू पाटीकडे बघितलंस, मग रस्त्याकडे, आणि साडी जरा वर उचलून धरलीस. भिजेल म्हणून. मला हसू आलं, पण तुझ्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. फळ्यावर नकाशा काढतानाचा तुझा चेहरा होता तो, खूप दिवसांनी दिसलेला.

"विचार तिला," तू म्हणालीस, "जमीन वर आली तेव्हा मासे कुठे गेले?" मी विचारलं. "नो वन्स एव्हर आस्क्ड मी दॅट," ती म्हणाली. मग म्हणाली, किनाऱ्यावर पडले असतील, आणि लोकांनी टोपल्या भरभरून नेले असतील. तू मान हलवलीस. त्यानंतर ती प्रत्येक गोष्ट आधी तुझ्याकडे बघून सांगू लागली.

पहिलं दुकान चीजचं. लाकडी फळीवर पातळ तुकडे मांडून ठेवलेले. तुझ्यापुढे फळी आली आणि तू हात जोडलेस. मग मला सगळं समजावून सांगावं लागलं, की आजचा उपास आहे, चंद्र दिसेपर्यंत हे काही चालत नाही. फूड टूरवर उपास करून आलेली बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असणार. लाल जॅकेटवालीने दुकानाच्या दारातून आभाळाकडे बघितलं, जणू चंद्र लवकर काढता आला तर बरं. तुला मात्र संकोच नव्हता. तू पर्समधून तुझा स्टीलचा डबा काढलास, फराळाला म्हणून तू सकाळी वळलेले दाण्याच्या कुटाचे लाडू होते त्यात, आणि त्या चीजच्या फळीशेजारी डबा उघडून ठेवलास. "दे त्यांना. ते देतायत, आपणही द्यावं." लाडू फिरले. ख्राइस्टचर्चचे आजोबा "दॅट्स हीप्स", पुष्कळ झालं, म्हणत म्हणत दुसरा उचलून मोकळे झाले. चीजवाल्याने अर्धा खाल्ला आणि अर्धा कागदात बांधून बायकोसाठी ठेवला. डबा रिकामा झाला. तू त्यात डोकावलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "आता रिकामा डबा घरी कसा न्यायचा?"

लहानपणी शेजारचा डबा आपल्याकडे आला की तो रिकामा परत जायचा नाही. काहीच नसेल तर तू त्यात साखर घालायचीस. इथे डबा तुझाच होता, दिलं होतंस तूच, पण नियम तो नियम. चीजवाल्याने तुझे तुकडे कागदात गुंडाळून डब्यात ठेवले. तू वरून वास घेतलास आणि म्हणालीस, "मीठ जास्त पडलंय." घरीही तू देवाला दाखवल्याशिवाय कशाची चव घ्यायची नाहीस, आमटीचं मीठ वासावरून सांगायचीस, आणि बाबा म्हणायचे की हिच्या नाकाला जीभ आहे. मी चीज खाऊन पाहिलं. मीठ खरंच जास्त होतं. तिथून पुढे प्रत्येक दुकानात ती बाई आत शिरतानाच ओरडायची, "अँड वन फॉर द टिन!" आणि तू मागून ऐटीत डबा उघडून जायचीस.

मला त्या दुपारचं पुढचं सगळं थोडं पाण्याखालून बघितल्यासारखं आठवतं. वारा पडला होता, वेलिंग्टनमध्ये असा दिवस क्वचित मिळतो, आणि उन्हाला कोवळा पिवळा रंग होता. एका चिनी बाईच्या दुकानात वाफेचा ढग, आणि त्या ढगातून तिने काढलेला गोड बन, वर चुण्या घातलेला. तू तो तळहातावर घेऊन किती वेळ बघत राहिलीस. "मोदकच आहे गं हा," म्हणालीस, "पाकळ्या जरा कमी आहेत." टूरवाली सांगत होती की चिनी माणसं इथे आली तेव्हा त्यांना बायकामुलं आणू देत नसत, वर्षानुवर्षं एकेकटे राहिले, भाजीचे मळे केले, कपडे धुतले. मी ते तुला सांगितलं, आणि तू त्या बाईला हातानेच विचारलंस की हा कुणी शिकवला. तिने बोट वर करून कुठेतरी लांब दाखवलं. आजी, असावी. तुम्हा दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. बराच वेळ बोलत होतात.

मग ती जागा आली. एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर, काचेखाली, मातीत रुतलेली जुन्या घरांची खोडं. इमारतीसाठी खणताना सापडली. फर्नच्या झाडाच्या खोडांच्या भिंती, माओरी लोकांची वस्ती होती तिथे, समुद्राच्या काठालगत. तू चपला काढल्यास. कुणी सांगितलं नव्हतं. टूरवालीने ते बघितलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. ती म्हणाली की यांचे पूर्वज होड्यांतून कुमारा घेऊन आले, जपून, पोटाशी धरून, आणि या थंड मातीत तो जगवायला त्यांनी फार कष्ट घेतले. मग शेजारच्या कॅफेतून तिने एक ताटली आणली. सालासकट भाजलेला कुमारा, वाफाळता.

तू बघितलंस आणि तुझे डोळेच चमकले. "अगं, हे तर रताळं."

"हो आई, रताळंच."

"मग हे चालतं की मला." तू मला विचारायला लावलंस, की मांसाबरोबर तर भाजलेलं नाही ना. नाही, नुसतं ओव्हनमध्ये, वेगळं. टूरवाली म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास. तू ते उभ्या उभ्या खाल्लंस, साल बोटांनी सोलून, फुंकर घालून. पूर्ण टूरमध्ये तू खाल्लेली एकच गोष्ट. खाताना काचेखालच्या खोडांकडे बघत होतीस. "म्हणजे यांनीही येताना घरचं आणलं," म्हणालीस. "यांचं कुणी विमानतळावर काढून घेतलं नाही." ऑकलंडला उतरलीस तेव्हा तुझी आंब्याची रोपं कस्टमवाल्यांनी काढून घेतली होती. तीन महिने झाले तरी तू ते विसरली नव्हतीस.

शेवटचं दुकान चॉकलेटचं, धक्क्याजवळ. तिथे सगळे पांगले. टूरवालीने तुला मिठी मारली, आणि तू अवघडून तिची पाठ थोपटलीस. डबा गच्च भरला होता. घरी जाऊ म्हटलं तर तू म्हणालीस, जॉन्सनव्हिलला डोंगराआड चंद्र उशिरा दिसतो, इथेच बसू. आपण पाण्याकडे तोंड करून बाकावर बसलो. जावयाचं जाड जॅकेट तुझ्या साडीवर, पायांत मोजे आणि चपला. अंधार पडला, पलीकडच्या किनाऱ्यावरचे दिवे लागले, माणसं पळत होती, कुत्री फिरत होती, आणि आपण चंद्राची वाट बघत बसलो होतो. मला गुंगी येत होती. तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून मी शेवटचं कधी बसले होते ते आठवत होते.

डोंगरामागून चंद्र आला तेव्हा तू मला हलवलंस. "बघ," म्हणालीस, "उलटा आहे."

खरंच उलटा होता. इतकी वर्षं मी इथे राहते, माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. चंद्रावरचा ससा डोक्यावर उभा होता. मी म्हटलं, हे काय भलतंच. तू अगदी शाळेतल्या आवाजात म्हणालीस, "भलतं काही नाही. तो तिथेच आहे. आपण खालच्या बाजूने उभे आहोत." मग तू डबा उघडलास, चिनी बन वर काढून ठेवलास, बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन डब्याभोवती फिरवलंस आणि चंद्राला सगळी टूर दाखवलीस. चीज, ऑलिव्हचा पाव, बन, चॉकलेट. इतका चमत्कारिक नैवेद्य गणपतीला आजवर कुणी दाखवला नसेल.

आणि मग आपण जेवलो. प्रत्येक घास तू क्रमाने काढलास, आणि घासाबरोबर गोष्ट सांगितलीस, मी तुला सांगितलेलीच, पण आता ती तुझी झाली होती. "हे पहिल्या पाटीचं. इथे पाणी होतं. आपण आत्ता पाण्यातून चाललोय, साडी वर धर." पाव खाताना मासे उन्हात तडफडत होते आणि बायका टोपल्या घेऊन धावत होत्या. बन खाताना एकेकटे पुरुष रात्री कपडे धूत होते. मग कुमाराची जागा आली, डब्यात त्याचं काहीच नव्हतं, तर तिथे तू नुसते हात जोडून थांबलीस. मी ऐकत होते आणि मागचं शहर मला दिसेनासं झालं. बँका गेल्या, बस गेल्या, पाणी पार रस्त्यापर्यंत आलं. मला वाटलं, जिंकले मी. ही राहणार.

चॉकलेटचा तुकडा तू अर्धा केलास, मला दिलास, आणि म्हणालीस, "आता मला जाता येईल."

तू पुढे बोललीस, पाण्याकडे बघत. "तू दर रविवारी फोन करतेस. मी ऐकते, पण तू कुठे उभी राहून बोलतेस ते मला दिसायचं नाही. नुसता आवाज यायचा. तुझे बाबा होते तेव्हा चालायचं, ते गेल्यावर तो आवाज फार लांबचा वाटायला लागला. म्हणून आले. आता बोट ठेवून सांगता येईल मला, माझी मुलगी इथे आहे."

"तू राहावंस म्हणून मी तुला आणलं होतं," मी म्हटलं. मला राग आला होता आणि रडूही येत होतं.

"कळलं होतं. चीजच्या दुकानातच कळलं."

"म्हणजे मी तुला जायचा रस्ता दाखवला."

"यायचा," तू म्हणालीस. "मनात आलं की येत जाईन."

तू गेलीस. डबा माझ्याकडेच ठेवलास, आणि मीही तुला दिला नाही. मग रविवारचे ते फोन. तू विचारायचीस, "वारा आहे का आज?" मी हो म्हटलं की म्हणायचीस, "मग मी त्या काचेपाशीच थांबते, धक्क्यावर नको." कधी म्हणायचीस, "आज मी मोदकवालीपर्यंत गेले होते." मी ओट्याशी उभी असायची आणि मला खरोखर वाटायचं की तू खाली शहरात कुठेतरी आहेस, डबा घेऊन हिंडते आहेस, आणि संध्याकाळच्या गाडीने वर येशील. तिसऱ्या वर्षी तू झोपेतच गेलीस. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं, शेजारणींनी घर पुसून ठेवलं होतं. नळाला पाणी वेळेवर आलं. मी ते भरून ठेवलं, कुणासाठी ते न कळून.

आता त्या दुकानांतलं एकही उरलेलं नाही. चीजवाला गेला, चिनी बाईच्या जागी फोनचं दुकान आहे, मधल्या एका भूकंपानंतर दोन-तीन इमारती पाडल्या. फुटपाथवरच्या पाट्या आहेत, काचेखालची खोडं आहेत. मी अधूनमधून त्या वाटेने जाते. टूर म्हणून नाही, अशीच.

तुझा जावई मेलबर्नला जायला एका पायावर तयार आहे. त्याला मी कधी नोकरीचं कारण सांगते, कधी मैत्रिणींचं, कधी तिथला उन्हाळा सोसणार नाही असं. लेकीलाही तेच सांगितलं. हे कागद मी तुझ्या डब्यातच ठेवणार आहे, टाकायचे तरी कुठल्या पेटीत. खरं कारण त्या दोघांना सांगायची मला लाज वाटते, एवढी मोठी बाई मी. तिथली वाट तुला माहीत नाही.